अँकरमधले पराठे

डोरीन हॅकेटने अँकरचं दार ढकललं ते अजून आपणच मालकीण असल्याच्या तोऱ्यात. इंग्लंडातल्या टिप्टन गावच्या कालव्याकाठचा हा पब तिने आणि तिच्या नवऱ्याने, लेनने, उभी हयात चालवला होता. लेन गेला, जागेची मूळ मालक असलेल्या बिअर कंपनीने ती विकली आणि बलदीप नावाच्या पंजाबी तरुणाने तिथे हॉटेल काढलं. पाटीवरचं अँकर हे नाव त्याने तसंच ठेवलं, खाली फक्त 'ग्रिल' एवढं जोडलं. तेव्हापासून त्या गल्लीतून जाताना डोरीन मानही वळवायची नाही. पण अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला कुठे जेवायचं असं मुलीने, लिंडसेने, विचारलं, तर पठ्ठी सरळ म्हणाली, अँकरला. लिंडसेने मनात म्हटलं, आई तिथे जाऊन नक्की कुणाशी तरी वाजवणार.

वाजवलं नाही, पण झाडाझडती मात्र घेतली. बारच्या लाकडावरून बोट फिरवलं, ते स्वच्छ निघालं. बिअरचा पहिला घोट तोंडात घोळवला आणि तळघरात थंडावा बरोबर राखलाय असं सर्टिफिकेट दिलं. गालिचा उचकटून खाली फरशी घातलीय हे तिला पटलं; एवढ्या वर्षांची सांडलेली बिअर त्या गालिच्यात मुरली होती, असं तिने शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जोडप्याला सांगून टाकलं. बलदीपला ती कोण हे कळायला वेळ लागला नाही. त्याने स्वतः येऊन वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. चरचरणाऱ्या लोखंडी तव्यावरून भाजलेलं मटण आणि कोंबडी आली, आणि सोबत टोपलीत मेथीचे पराठे.

डोरीनने पराठ्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. मेथी, ओवा, आणि मागाहून येणारी डाळिंबदाण्यांची आंबट झाक. तिने दुसरा तुकडा मोडला.

"हे कुणी केलेत?"

"बीजीने. माझ्या आईने," बलदीप म्हणाला. "शनिवारी तीच करते. काही बिघडलंय का?"

"तिला बाहेर बोलाव, पोरा."

नसीब कौर ओढणीला हात पुसत बाहेर आली. तक्रार असणार, असं धरूनच ती आली होती आणि ऐकून घेण्याचा तिचा मुळीच बेत नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या स्प्रिंगच्या कारखान्यात तिने तीस वर्षं काढली होती, पण हा पब होता तोवर त्याचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. डोरीनला तिने नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम्ही करनैलची बायको," डोरीन म्हणाली.

"आणि तुम्ही ती पबवाली. माझा नवरा माझ्या घरात बसला नाही तेवढा तुमच्याकडे बसला."

"शनिवारी बसायचा. आणि त्याचा डबा मी खायचे."

लिंडसेने टेबलाखालून आईचा पाय दाबला. त्याचा उपयोग नव्हता. डोरीनने आयुष्यात अर्धी गोष्ट कधी सांगितली नव्हती. दुपारी लोखंड ओतायची फाउंड्री सुटली की करनैल थेट इथे यायचा, डबा बारवरून तिच्याकडे सरकवायचा आणि स्वतः डुकराचं सॉसेज आणि मटार मागवायचा. घरी सगळे शाकाहारी; डबा भरलेला परत नेला तर बाहेर काय खाल्लं ते उघडं पडलं असतं. फेकून देणं डोरीनच्या जिवावर आलं. पहिल्या शनिवारी तिने चव म्हणून खाल्लं, पुढे ती वाट बघायला लागली. पुष्कळ वर्षं हे असं चाललं.

बलदीपने जमिनीकडे बघितलं. आता गेलेल्या बापाची काय शोभा होते, या विचाराने त्याचे कान तापले. नसीब कौरने मात्र खुर्ची ओढली आणि बसली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"सॉसेजचं?"

"मिशांना वास यायचा की. शिवाय डबा पुसलेला यायचा. त्या माणसाने जन्मात कधी डबा पुसला नव्हता."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"भट्टीपुढे उभा राहणारा गडी. आठवड्यातून एकदा खाईना का, म्हटलं. फक्त मला वाटायचं, डबा कुणीतरी गोरा मजूर खातोय. म्हणून दोन पराठे जास्त घालायला लागले. मिरचीही कमी केली, बिचाऱ्याचं तोंड पोळायला नको."

डोरीनने काटा खाली ठेवला. "तरीच. एका हिवाळ्यात एकदम मिळमिळीत झाले होते. मी करनैलला झापलं होतं, तुझ्या बायकोचा हात आखडलाय का म्हणून."

"तू झापलंस?" नसीब कौर पुढे वाकली. "अगं, म्हणून तो घरी येऊन माझ्यावर उखडला! डब्याला हातही न लावणारा माणूस मला विचारतो, मिरची कुठे गेली. मी मान खाली घालून लाटत राहिले. हसू आवरेना."

आता तिने ते आवरलंही नाही. ती हसायला लागली तशी डोरीनही लागली, आणि दोघींनी मिळून इतका गलका केला की तंदूरवरचा आचारी डोकावून गेला. लिंडसेने निश्चिंतपणे आपल्या ताटात मटण वाढून घेतलं.

जेवण उरकल्यावर नसीब कौरची नजर बारवरच्या बिअरच्या पंपांच्या दांड्यांकडे गेली. रस्त्यापलीकडून जाता-येता इतकी वर्षं या दारातला गोंगाट ऐकला, ती म्हणाली. ते दांडे ओढण्यात एवढं काय आहे ते एकदा बघायचंय. डोरीनने तिला कोपराला धरून उठवलं आणि काउंटरमागे नेलं. बीजी, तुझ्या चपला घसरतील, असं बलदीप म्हणू लागला, तर डोरीनने त्याला हातानेच बाजूला केलं.

"ग्लास तिरपा धर. दांडा सावकाश ओढ, गाईचं दूध काढतेस तसा."

"दूध मला शिकवू नकोस."

पहिला ग्लास निम्मा फेसाचाच झाला. दुसरा बरा उतरला. तिसऱ्याला वर बोटभर पांढरा थर बसला आणि डोरीनने मान डोलावली. तोवर चारदोन गिऱ्हाइकं काउंटरपाशी येऊन थांबली होती. बलदीप दांडा घ्यायला पुढे आला, पण नसीब कौरने तो सोडला नाही. तिने ओढणी कमरेला खोचली, समोरच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि खणखणीत पंजाबीत पुढचं कोण म्हणून विचारलं. म्हाताऱ्याने ग्लास पुढे केला.