करमाफीच्या कारखान्यातला प्रेस

मी एक जुना पॉवर प्रेस आहे, मित्रांनो. पत्र्याला एका दणक्यात आकार देणं हे माझं काम. जन्म जर्मनीतला, पण माझं आयुष्य गेलं मॅसिडोनियात, ब्रेगाल्नित्सा नदीकाठच्या एका कारखान्यात. बाहेरच्या कंपन्यांनी यावं म्हणून या छोट्या देशाने दहा वर्षं नफ्यावर कर माफ केला होता. त्यासाठीच मालकाने मला इथे आणलं.

माझ्यावर ब्लागुना नावाची बाई काम करायची. तिचा नवरा स्पासे माझी देखभाल करायचा. "काय रे म्हाताऱ्या, आज कुरकुर नको हं," म्हणत तो मला तेल द्यायचा. नऊ वर्षांत मी मोटारींचे लाखो भाग घडवले. इथल्या पगारावर गावातल्या कामगार बायकांनी घरं बांधली, मुलं शिकवली. मला अभिमान वाटे.

मग दहावं वर्ष लागलं. करमाफी संपण्याआधी निघेल तेवढा माल काढा, असा वरून हुकूम आला. व्यवस्थापक लिंडनर साहेबांनी माझ्यापुढची संरक्षक जाळी काढायला लावली. ती उघडण्या-मिटण्यात वेळ जात होता.

"साहेब, हात जाईल कुणाचा तरी," स्पासे म्हणाला.

"तुमच्या सरकारनं हातापाया पडून बोलावलंय आम्हाला. तुला नको असेल तर जा घरी. बाहेर शंभरजण उभे आहेत."

तिसऱ्या दिवशी मी खाली आलो, तेव्हा ब्लागुनाचा उजवा हात आत होता. मला मध्येच थांबता येत नाही, मित्रांनो. हाडांचा चुरा झालेला मला कळला. साच्यातून रक्त गळत राहिलं. साहेबांनी ते पुसून घेतलं आणि दुपारी मला पुन्हा चालू केलं.

महिन्याभरात आम्हा यंत्रांना न्यायला ट्रक आले. दुसऱ्या एका देशाने पंधरा वर्षांची करमाफी देऊ केली होती. कामगार फाटकात आडवे झाले. भाड्याने आणलेले रखवालदार दंडुके घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. डोकी फुटली, दात पडले. एका बाईला केसांना धरून फरफटत नेलं. स्पासे मला पाठ लावून उभा राहिला. "ब्लागुनाचा हात गेला त्याचा हा पुरावा आहे. याला हलवू देणार नाही," एवढंच तो म्हणत होता. लोखंडी सळई त्याच्या डोक्यात बसली. दुसरी बसली, तिसरी बसली. तो माझ्या पायाशीच गेला.

बाकीची यंत्रं निघून गेली. खुनाच्या खटल्यासाठी न्यायालयाने मला अडवून ठेवलं. पाहणीला न्यायाधीशबाई आल्या, सोबत ब्लागुना होती.

"हेच का ते यंत्र?"

"हेच." तिने डावा हात माझ्यावर ठेवला. "पण याला भंगारात काढू नका, बाई. जाळी लावा आणि चालू करा. गावातल्या बायका घरी बसल्यात."

दोन हिवाळे झाले. मी गंजत उभा आहे. मित्रांनो, परक्या कंपन्यांना खुशाल बोलवा, कर माफ करा, हवा तर वीस वर्षं करा. पण करारावर सही करणाऱ्याने आधी माझ्यासमोर उभं राहावं, मला चालू करावं आणि स्वतःचा हात आत घालून बघावा.