डावीकडचं अंधारं घर

संयम हा माणसाला पशूपासून वेगळा करणारा एकमेव गुण आहे. हे मत आमच्या मामांचं, आणि ते त्यांना पिनबॉलच्या यंत्रावरून सुचलं होतं.

मामांची लाँड्री. गिऱ्हाइकाला खोळंबा जाणवू नये म्हणून त्यांनी भंगारातून एक जुनं यंत्र आणून इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभं केलं होतं. चेंडू उडवायचा, दोन बटणं दाबून त्याला खाली पडू द्यायचं नाही आणि वरच्या काचेत नारिंगी आकडे चढताना बघायचे. नव्याण्णव हजार नऊशे नव्वदच्या पुढे गेलं की आकडे पुन्हा शून्यापासून. म्हणजे पुढे गेला तो मेला. त्यामुळे खरा खेळाडू कोण, तर अगदी काठावर पोचताच यंत्राला कमरेनं असा धक्का देणारा, की ते रुसतं, दिवे विझतात आणि खेळ आहे त्या आकड्यावर थांबतो. यात मामांचा हात, खरं तर कंबर, धरणारं कोणी नव्हतं. लाँड्रीतल्या स्पर्धेचा दरवर्षीचा चषक त्यांच्याच गल्ल्यावर.

मामी मात्र ओरडत, उड्या मारत खेळत राहायच्या आणि शेवटी बारा हजारांवर आटोपायच्या.

"कुठं थांबावं हे तुझ्या माहेरी कुणी शिकवलंच नाही," मामा म्हणायचे.

यंदा स्पर्धेच्या दिवशी माहेरच आलं. मामींचा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं सवयीनं यंत्राचं डोकं उघडलं.

"दाजी, इथं आकड्यांची सहा घरं आहेत. तुमची पाचच पेटतात."

"मग?"

"मग काय! आकडे उजळवणारा काचेतला गॅस ठणठणीत आहे, पण डावीकडच्या घराला वीजच पोचत नाही. वायरीचा टाका सुटलाय. लाखाचं घर आहे ते."

मामांनी मामींकडे बघितलं.

"म्हणजे ही शून्यावर यायची तेव्हा..."

"ताई लाखावर जायची, दाजी."

त्यानं टाका मारला. मामी खेळायला उभ्या राहिल्या. डावीकडे नारिंगी एक उगवला आणि कोट न्यायला आलेले बँकवाले साहेब किंचाळले. दोन उगवला. तीनला साहेब हँगरवरच्या कुणाच्या तरी पँटसोबत नाचू लागले. मामी थांबल्या चार लाख बारा हजार तीनशेवर, तेही चेंडू पडला म्हणून.

चषक चालला! मामांनी बाह्या सरसावल्या. "लाख काय, मी झोपेत करीन." प्रत्येकाला तीन डाव होते. अठ्ठ्याण्णव हजार झाले आणि कंबर हलली. दिवे विझले.

"अहो, कंबर आवरा!" मामी ओरडल्या.

"ती माझं ऐकत नाही गं!"

दुसऱ्या डावातही तेच. शेवटी मेहुण्यानं यंत्र उघडलं आणि धक्का ओळखणारा लोलक दोऱ्यानं बांधून टाकला. "आता काय हवं ते हलवा, दाजी."

नव्याण्णव हजार. कंबर हलली. यंत्र ढिम्म. कंबर पुन्हा हलली, पुन्हा हलली, साहेबांनी डोळे मिटले, आणि डावीकडे एक पेटला! मामांनी आयुष्यात पहिल्यांदा शीळ घातली, दोन्ही हात सोडले आणि मेहुण्याला कडकडून मिठी मारली. चेंडू खाली गेला. एक लाख आणि वर फक्त चाळीस! साहेबांनी मामांना खांद्यावर घेतलं, इस्त्रीचे शर्ट हवेत उडाले, सगळ्यात मोठ्यानं मामीच ओरडत होत्या.

मामा दुसरे आले. स्पर्धेत दोघंच होते.