पाळण्यातली काच

चातुर्मासात दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. लिहूनही सांगत नाही, तेही बोलणंच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक. शिपाई दामू चिडवायचा, "ताय, सकाली तुमाला शिव्या दिल्या तरी चालंल ना?"

बारानंतर मी उत्तर द्यायची, "चालेल. दुपारी व्याजासकट परत मिळतील."

२००६ चा श्रावण. मी आणि माझ्यानंतर नोकरीला लागलेला अनिमेष, आम्ही दोघं एक पातळ थर बनवत होतो. काच तयार होते त्या द्रावणात सेंद्रिय रंग मिसळायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा. अर्धी काच, अर्धा रंग. अतिनील प्रकाश टाकला की थर जांभळा, साध्या दिव्याखाली पुन्हा नितळ. म्हणजे आरपार जाणारा उजेड हवा तेवढा सोडता येतो, अडवता येतो.

पण थर नितळ वाळेचना. मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. जमीन सारखी थरथरायची आणि प्रत्येक थरावर लाटा उठायच्या. अनिमेषने टेबलाखाली रबर घातलं, वाळू घातली. काही उपयोग नाही.

आमच्या घराखालीही लूमच. एकदा आरती करताना पाहिलं, ताम्हनातलं पाणी थरथरतंय, आणि बाळकृष्णाच्या पाळण्यात ठेवलेल्या वाटीतलं दूध मात्र गप्प. पाळणा स्प्रिंगला टांगलेला. दुसऱ्या दिवशी देवाला पाटावर बसवलं आणि पाळणा प्रयोगशाळेत आणून टांगला. त्यात ठेवलेला थर आरशासारखा वाळला.

अनिमेषच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, पेपरवर पहिलं नाव तुमचं. शब्द देतो."

मुंबईच्या संस्थेतून क्षितिजा मॅडम थर बघायला आल्या त्या सकाळी दहाला. थर जांभळा होऊन निवळताना पाहून त्या खुर्चीतून उठल्याच.

"हा पाळणा कुणाला सुचला?"

"मलाच," अनिमेष म्हणाला. "लूमच्या हादऱ्यांचा विचार करता करता."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थराकडे पाहत राहिला.

"आणि या?"

"आमच्या निवेदिताताई. मदत करतात. सकाळचं मौन असतं त्यांचं."

समोर फळा होता, खडू होता. मी हात पदराखाली घेतले. जीभ टाळ्याला लावून मनात नाम घेत उभी राहिले. देवाला दिलेला शब्द नावासाठी मोडायचा? नाही मोडला.

निघताना क्षितिजा मॅडम माझ्याजवळ आल्या. "तुमच्याशी बोलायला आवडलं असतं हो. आम्ही खरं तर दुपारीच येणार होतो. अनिमेषसरांनीच सकाळचा हट्ट धरला."

पायांखालची जमीन आधीच थरथरत होती, म्हणून माझं कुणाला कळलं नाही.

घरी जाऊन नैवेद्य दाखवला. परत आले तेव्हा अनिमेष पाळण्यात नवा, ओला थर ठेवत होता.

"ताई, रागावलात? ऐन वेळी तोंडातून गेलं. मी कळवतो त्यांना."

"सकाळची वेळ ऐन वेळी मागितलीस?"

त्याने पाळण्यातली पट्टी उगाच सरळ केली.

"बोल की. तुझं कुठलं व्रत आहे?"

दाराशी दामू उभा होता. चिडवलं नाही त्याने. मी ओली पट्टी उचलून टेबलावर ठेवली, स्टुलावर चढून पाळणा हुकावरून काढला.

"ताई, थर! लाटा येतील!"

टेबल थरथरत होतं. त्या कोवळ्या थरावर पहिली सुरकुती उठली, तीही माझ्याच हातच्या द्रावणाची. मला ती पाहवेना. पाळणा उराशी धरून मी जिना उतरले. घरी देव इतके दिवस पाटावर ताटकळले होते.