धुराकडे तोंड करून

मिस्त्रीच्या पायाला भिंगरी आहे, हे लग्नाआधीच त्याच्या बायकोच्या कानावर आलं होतं. पण भिंगरीला एक दिवस इंजिन बसेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. मोटारसायकल आल्यापासून तो दर वर्षी समुद्र गाठायला निघायचा आणि दर वर्षी काहीतरी मोडून, गाडीसकट बैलगाडीतून परतायचा. यंदा त्याने बायकोला शब्द दिला होता. एकदा समुद्राच्या पाण्याला चाक लागलं, की घरी बूड टेकून दुकान सांभाळायचं. म्हणून शिवणयंत्रावर फडकं टाकून तीही निघाली.

तिचं काम ठरलेलं होतं. इंजिनातलं तेल जळून जायचं, त्यामुळे वाटेत सारखा हाताने पंप मारून नवं भरावं लागे. पण रस्ता म्हणजे नुसत्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. एक हात सुटला की गाडी आडवी. मिस्त्रीने पंप मागच्या कॅरियरपाशी आणला आणि बायकोला उलटं बसवलं. धूर फिका निळा असला तर ठीक, दिसेनासा झाला तर पंप मारायचा. अर्धा देश तिने असाच पाहिला. झाडं, पूल, कुत्री, सगळं आधी मोठं, मग लहान. पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी हाडांना कळायचं.

समुद्र दोन दिवसांवर असताना चाक दगडावर चढलं, गाडी आडवी झाली आणि मिस्त्रीचं मनगट मोडलं. जवळच्या गावातल्या हाडवैद्याने कामट्या बांधून दिल्या. मिस्त्री म्हणाला, बैलगाडी बघू, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. तिने मनाशी हिशोब केला. समुद्र राहिला म्हणजे शब्दही राहिला.

"मी चालवते," ती म्हणाली. "तुम्ही धूर बघा."

"तू?"

"नद्यांतून गाडी कोणी आणली? तुम्ही पुढे काठीने पाणी चाचपत होता तेव्हा?"

मिस्त्री उलटा बसला. पहिल्या दिवशी तो सारखी मान वळवून तिला दगड दाखवायचा आणि पंप विसरायचा. इंजिन कण्हायला लागलं की ती ओरडायची, "अहो, धूर!" हळूहळू त्याची नजर धुरावर ठरली. तिला मात्र काहीतरी झालं होतं. वळण दिसलं की त्यामागचं बघितल्याशिवाय राहवेना. जेवायला थांबले तरी तिचा घास हातातच राहायचा आणि नजर रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकोऱ्या वाळूत संपल्या. दोघांनी गाडी ढकलत नेली आणि पुढचं चाक पाण्याला लावलं.

मिस्त्री ओल्या वाळूत मटकन बसला. "दोन दिवस घर लांब लांब जाताना बघतोय," तो म्हणाला. "पुरे झालं गं. शब्द म्हणजे शब्द. चल घरी."

हेच ऐकायला ती इतकी हाडं खिळखिळी करून आली होती. तिने मान डोलावली. पण तिचे पाय वाळूत एका जागी ठरेनात. किनाऱ्याच्या कडेने एक गाडीवाट काळ्या खडकामागे वळली होती.

"त्याच्यापलीकडे काय असेल हो?"

"समुद्रच असेल."

"बघून येऊ. एवढंच."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, तो घरातून निघताना त्याची आई त्याच्याकडे पाहायची तसं. मग तो उठला, पँटची वाळू झटकली आणि डाव्या हाताने पंप मारला.