जात, जाते आणि जातं

हेंद्रेपाड्याचे शरदचंद्र कर्णिक अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी चित्रकार झाले. मधे चहा प्यायला तेवढाच काय तो वेळ गेला.

खरवईच्या एका नव्या सोसायटीने त्यांना हॉलची भिंत देऊ केली. चित्र हवं होतं जात्यावर दळणाऱ्या बाईचं. पास-नापास करणार शेजारची कौसाबाई, कारण बिल्डिंग उभी होती तिच्याच शेतात. पहिलं स्केच बघून ती म्हणाली, "सायेब, बाई दळतेय का रिक्षा चालवतेय?"

सेक्रेटरीने सांगून टाकलं, आता एकच चान्स. नाहीतर उल्हासनगर कॅम्प चारच्या फ्लेक्सवाल्याचा स्वित्झर्लंडचा धबधबा भिंतीवर चढणार.

कर्णिकांनी जन्मभर गिरणीचंच पीठ खाल्लेलं. पण कौसाबाईला विचारायचं म्हणजे कमीपणा. ते डिजिटल लायब्ररीत शिरले. 'जातं' टाकलं, तर लायब्ररीने वरचं टिंब गिळलं आणि 'जात' आणून दिली. सत्तेचाळीस हजार पानं! कर्णिक तीन दिवस वाचत बसले.

"अहो," त्यांची बायको वृंदा म्हणाली, "चित्र काढताय की सोयरीक जमवताय?"

मग शुद्ध भाषेत 'जाते' घातलं. तर पानोपानी कुणी ना कुणी जाते. माहेरी जाते, विहिरीवर जाते, एक तर वैतागून हिमालयात जाते.

"मीही जाते, भाजी आणायला," वृंदा म्हणाली. "तेवढं टाका त्यात."

पाचव्या दिवशी कुठल्याशा परदेशी संग्रहालयातला एक फोटो सापडला. खाली लिहिलेलं: 'गोल दगड, भोकांसह. उपयोग अज्ञात.' कर्णिकांनी दगडावरचा टवका न टवका उतरवला, बाईचा तळवा त्यावर अलगद टेकवला आणि खरवई गाठली. कौसाबाईच्या अंगणातल्या दगडावर बसून कागद उलगडला.

ती बघतच राहिली. "दगडाला थोपटून निजवतेय का ही? खुंटा कुठाय?"

"लायब्ररीत नव्हता."

"जरा उठा, सायेब."

कर्णिक उठले. बुडाखाली अख्खं जातं होतं.

"पाव्हण्यांना बोचतो म्हणून खुंटा काढून ठेवते," म्हणत तिने आतून लाकडी खुंटा आणला, भोकात ठोकला, वरून तांदूळ ओतले. "आता ओढा."

कर्णिकांनी पायलीभर दळलं. चौथ्या मुठीला चष्मा नाकावरून घसरला, सहाव्या मुठीला ऑफिसरपणा.

त्या रात्रीच्या दुखऱ्या खांद्यांनी काढलेलं चित्र कौसाबाईने एका नजरेत पास केलं. भिंत कर्णिकांना मिळाली. चित्रातल्या बाईचं तोंड तेवढं हुबेहूब कर्णिकांसारखं दमलेलं आलं. ते कुणी बदलू दिलं नाही.

त्यांनी त्या जात्याचा फोटो नावगावासकट लायब्ररीला पाठवला. लायब्ररीने पुन्हा टिंब गिळलं. नोंद झळकली: 'खरवईची जात. काळा दगड. खुंटा ठोकल्याशिवाय फिरत नाही.'

कर्णिकांनी ती कौसाबाईला वाचून दाखवली.

"बरोबर लिवलंय," ती म्हणाली. "आता सायबांची पण लिवा. तुमची बी तीच निघाली."