मधोमध थांबलेला काटा

वायरमनच्या घरात रबराला फार मान. सासऱ्यांनी सारी नोकरी एका जाड काळ्या रबरी मॅटवर उभं राहून केली आणि हातीपायी धड घरी परतले. त्याचं निम्मं श्रेय ते मॅटला देत, निम्मं स्वतःला. सासूबाईंच्या खात्यावर काही जमा होत नसे.

म्हणून सुनेनं घरात श्रवणयंत्रं दुरुस्त करायचं टेबल मांडलं, तेव्हा सासऱ्यांनी तीच मॅट घरच्या मीटरच्या फळीखालून काढून, धुऊनपुसून त्यावर अंथरली. "आता वीज तुझ्या वाटेला जायची नाही, पोरी!"

इथंच घोडं पेंड खात होतं. टेबलावर खणखणीत चालणारी यंत्रं गिऱ्हाइकाच्या कानात गेली की मुकी होत. अखेर यंत्रं दुरुस्तीला पाठवणाऱ्या कंपनीचा निरोप आला: आमच्या तपासनीस बाई उद्या तुमचं टेबल बघतील. पसंत पडलं तर या भागातलं सगळं काम तुमचं, नाहीतर राम राम.

रोग सुनेला कळला होता. स्वेटर काढताना जी चटचट वाजते, तीच अंगावरची वीज यंत्रातल्या इवल्या चिपला मारते. टेबलावरच्या मॅटनं ती हळूहळू जमिनीत सोडून द्यायला हवी; अशा मॅटला अँटी-स्टॅटिक म्हणतात. सासऱ्यांची मॅट ती अडवून धरत होती. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? तोंडावर सांगावं तर म्हातारा जेवण सोडेल.

"बाबा," ती म्हणाली, "अँटी-स्टॅटिक मॅट घ्यायचीय. दुकानदार काय, पायपुसण्यालाही अँटी-स्टॅटिक म्हणेल. तुमचा मेगर घेऊन येता?"

मेगर म्हणजे हँडल फिरवून वायरचं आवरण तपासायचं यंत्र. आवरण धड असलं की काटा अनंतावर, फाटलं असलं की शून्यावर. माणसाच्या हत्याराची आठवण काढली की माणूस चपला शोधायला लागतो. सासरे निघाले.

"निघालात? मग तुमच्या लाडक्या खड्ड्याला पाणी कोण घालणार?" सासूबाई आतून ओरडल्या. वीज जमिनीत उतरवणारा, घरामागचा अर्थिंगचा खड्डा सासऱ्यांनी स्वतः खणला होता आणि माती ओली राहावी म्हणून ते त्याला रोज पाणी घालत. "लोक झाडांना घालतात, आमच्याकडे भोकाला!"

दुकानदारानं चकचकीत निळी मॅट पसरली. "काका, डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून मी फक्त झोपतो." सासऱ्यांनी मॅटवर दोन लोखंडी वजनं ठेवली, चिमटे लावले आणि हँडल गरागरा फिरवलं. काटा थेट अनंतावर. "वा! एक नंबर! बांधा ही!"

"बाबा, इथं अनंत म्हणजे नापास."

हँडल थांबलं. जन्मभर ज्या खुणेवर काटा गेला की त्यांनी खुशीनं सगळ्यांना चहा पाजला, ती नापास!

"आपल्याला वीज अडवायची नाही, सोडायचीय," सून म्हणाली.

"मग शून्य हवं?"

"शून्य म्हणजे पत्रा. त्यावर वीज एका दणक्यात सुटते, चिप तेव्हाही मरते. काटा मध्ये कुठंतरी थांबायला हवा."

"म्हणजे गळकी मॅट!"

"गळकी, पण बेतानं."

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. "काढा हो, दुकानात असतील तेवढ्या काढा!"

एकेक मॅट उलगडू लागली. घरघर ऐकून रस्त्यावरचे रिकामटेकडे आत शिरले. काटा अनंतावर गेला की तेच ओरडत, "नापास!" शेवटी दुकानदारानं तळातून एक धुळकट, राखाडी मॅट ओढली. "ही कोणी घेत नाही. रूपच नाही हिला."

हँडल फिरलं. काटा हलला, सरकला आणि मधोमध थांबला.

"गळली!" सासरे जागच्या जागी उडालेच. "पोरी, गळली गं!" गर्दीनं टाळ्या पिटल्या. कशासाठी ते एकालाही ठाऊक नव्हतं.

मॅट खांद्यावर टाकून परतताना मात्र सासरे कोपऱ्यावर थबकले. "म्हणजे ती यंत्रं माझ्या मॅटनं मारली?"

"तिचा काय दोष? तिला अडवायचंच काम दिलं होतं."

"तुला आधीच कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझं कुठं ऐकता? मेगरचं ऐकता."

सासरे असे खदाखदा हसले की खांद्यावरची मॅट घसरली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईंनी स्वतःचा मीटर लावला, मान डोलावली. सुनेचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बाईंनी मॅटच्या कोपऱ्यातून निघालेली वायर उचलली. "ही जाते कुठं? बहुतेकांकडे ती नुसतीच लोंबत असते. जमिनीत नीट पोचली नाही, तर मॅट कितीही चांगली असून काय उपयोग?"

इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून ताटकळलेले सासरे पुढं झाले. "या बाई, दाखवतो."

खड्डा ओलाच होता. बाईंनी तिथं मापं घेतली, पुन्हा घेतली. "अशी अर्थिंग मला कारखान्यातसुद्धा मिळत नाही," म्हणत त्या आत आल्या आणि पिशवीतली श्रवणयंत्रांची पेटी राखाडी मॅटवर ठेवली. "लागा कामाला."

काळी मॅट परत मीटरच्या फळीखाली, आपल्या जागी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे तिच्यावर उभे राहून खिडकीतून बघत होते. सासूबाई बादली घेऊन खड्ड्याला पाणी घालत होत्या.

"कडेनं घाल, कडेनं!" ते ओरडले.

"मला शिकवू नका," उत्तर आलं.