पहिल्या कपाचा बाक

या मित्रांनो, बसा माझ्यावर. घाबरू नका, मी मोडायचो नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतला जुना सागवानी बाक आहे मी. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून, ते वाळूच्या साच्यात ओतून यंत्रांचे भाग बनवायचा कारखाना. तिथल्या धगीत आणि धुळीत माझा रंग उडाला, एक पाय आखूड झाला, त्याखाली विटेचा तुकडा आला; पण रुबाब काही कमी झाला नाही.

माझा जन्म इथलाच. कारखान्याचे मालक विरूपाक्षअण्णा यांनी उरलेल्या फळ्यांतून मला स्वतः ठोकून तयार केलं. सुतारकामात अण्णांचा हात बेताचाच, त्यामुळे मी पहिल्यापासून जरा वाकडा आहे. त्यांनी मला भट्टीपासून थोडं लांब, सगळ्यांच्या वाटेवर ठेवलं आणि एक रीत घालून दिली. सकाळचा चहा सगळ्यांनी माझ्यापाशी घ्यायचा. ज्याच्या हातून आदल्या दिवशी काही चुकलं असेल त्यानं ते सांगायचं, आणि सांगेल त्याला पहिला कप. तो कप अण्णा स्वतः ओतून द्यायचे.

"चुकलं ते सांगितलंस, म्हंजे माझं निम्मं काम केलंस की. घे चहा," असं म्हणायचे.

साच्याच्या आतला वाळूचा गाभा बनवणाऱ्या तानाबाई त्यावर कुरकुरायच्या. "माझं काईच चुकत न्हाय, म्हणून मी रोज गाळच प्यायचा व्हय?" मग सगळे हसायचे. त्या हसण्यात मी माझं सगळं तारुण्य घालवलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

पुढे अण्णांचे गुडघे दुखू लागले आणि कारखाना त्यांच्या लेकीकडे, दानेश्वरीकडे आला. लहानपणी ही पोर माझ्यावर पाय हलवत बसून खारी खायची. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत काम करून ती परत आली होती. कष्टाळू, मनानं चांगली. तिनं पंखे बसवले, सगळ्यांना चांगले बूट दिले. पण माझ्यावर बसून लोक वेळ घालवतात असं तिला वाटलं. तिनं मला उचलून फाटकाजवळ, सायकलींच्या शेजारी ठेवलं. माझ्या डोक्यावरच्या भिंतीला एक फळा लावला आणि ज्याच्या हातून चूक होईल त्याचं नाव त्यावर लाल खडूनं लिहायला सुरुवात केली. नाव लागलं की माणूस जपून काम करेल, असा तिचा हिशेब.

थोड्याच दिवसांत फळा कोरा राहू लागला. दानेश्वरी खूश झाली. मी मात्र धास्तावलो, कारण चुका संपल्या नव्हत्या, त्या दडून बसल्या होत्या. भोकं पडलेला माल गिऱ्हाइकांकडून परत येऊ लागला. ती एकेकाला बोलावून विचारायची. "सगळं बरोबर हाय, मॅडम," एवढंच उत्तर यायचं. ती ताईची मॅडम कधी झाली, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

एके दिवशी भट्टीवरचा प्रसेनजीत येऊन माझ्यावर बसला. "वाळलं असंल," तो स्वतःशीच पुटपुटला. "व्हय, वाळलं असंल आता." वितळलेलं लोखंड ज्या भांड्यात घेतात, त्याला त्यानं आतून नवी माती लिंपली होती, पण घाईत ते नीट तापवलं नव्हतं. ओलसर भांड्यात तसलं लोखंड पडलं की ते उसळून माणसाच्या अंगावर येतं. भांड्यापाशी अमरसिंह उभा राहणार होता, प्रसेनजीतचा जुना जोडीदार. पण सांगावं तर नाव फळ्यावर लागणार, आणि शाळेतून येताजाता त्याची लेक अक्षता तो फळा वाचायची.

मित्रांनो, लाकडाला बोलता येत नाही याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

तेवढ्यात दानेश्वरी बाहेर आली. चेहरा उतरलेला. ती माझ्या दुसऱ्या टोकाला बसली.

"प्रसेनजीतदादा, मला काही कळेनासंच झालंय," ती म्हणाली. "माल का परत येतोय ते समजत नाही. अण्णांना जमलं ते मला नाही जमत."

प्रसेनजीत बघतच राहिला. मग एका दमात बोलून गेला, "ताई, भांडं ओलं हाय. तापवायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. अमरसिंह आता त्यातच घेणार हाय!"

तिनं का, कसं, काही विचारलं नाही. धावत सुटली. "थांबा! भट्टी कलती करू नका!" तिचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. सगळं जागच्या जागी थांबलं. भांडं तापवायला घेतलं, तर त्यातून कितीतरी वेळ वाफ निघत राहिली.

अमरसिंहनं प्रसेनजीतच्या पाठीत दणका घातला. "काय मर्दा, मला भाजून खायचा इचार होता व्हय?" म्हणाला, आणि त्याला घट्ट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांनीच मला उचलून आत आणलं. फळा पुसलेला होता. दानेश्वरीनं पहिला कप ओतून प्रसेनजीतच्या हातात दिला आणि माझ्यावर बसली.

"माझंही एक चुकलंय," ती हळूच म्हणाली. "चुकणाऱ्याचं नाव मी भिंतीवर लावलं, म्हणून तुम्ही गप्प झालात. काल अमरसिंहदादांना काही झालं असतं, तर ते माझ्यामुळं."

प्रसेनजीतनं आपला न उष्टावलेला कप तिच्यापुढे धरला. "मग ह्यो तुमचा, ताई."

तानाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आवाज चढवला, "आता आमास्नी बी वाटा की! का चुकल्याबिगर चहाच न्हाय?"

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी वर्ग सांभाळेल, कुणी संघ, कुणी अख्खा कारखाना. चूक सांगायला येणाऱ्या माणसाचे पाय जड झालेले असतात. त्याला आधी बसायला जागा द्या. आणि माझ्यासारखा एखादा जुना बाक कुठे अडगळीत दिसला, तर तो पुसून घ्या, आत आणा.

माझ्या आखूड पायाखालची वीट परवा दानेश्वरीनं स्वतः बदलली. आता मी डुगडुगत नाही. तरीही ती एकटी येऊन बसली की मी मुद्दाम जरासा करकरतो. मग ती थोडी सरकते आणि शेजारी एका माणसापुरती जागा करते.